दक्षिण अमेरिकेतील स्की पर्यटन

दक्षिण अमेरिकेतील स्की पर्यटन म्हणजे अँडीज पर्वतरांगेतील बर्फाळ उतारांवर, मुख्यतः चिली व अर्जेंटिना या देशांत, जून ते ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत स्कीइंगसाठी केला जाणारा प्रवास होय. दक्षिण गोलार्धात ऋतू उलट असल्यामुळे हिमालय, आल्प्स व रॉकी पर्वतांतील हंगाम संपल्यानंतर येथील हंगाम सुरू होतो. त्यामुळे उत्तर गोलार्धातील स्कीपटू व राष्ट्रीय संघ या काळात सरावासाठी अँडीजमध्ये येतात. भारतातून, विशेषतः महाराष्ट्रातून, या प्रवासाचे नियोजन करताना लांबचा विमानप्रवास, वाटेतील देशांचे नियम, पीतज्वराचे लसीकरण आणि परकीय चलनातील खर्च हे चार घटक निर्णायक ठरतात.

ऋतू आणि भूगोल

अँडीज ही सुमारे ७,००० किलोमीटर लांबीची पर्वतरांग असली, तरी स्कीइंगला योग्य असा हंगामी बर्फ प्रामुख्याने तिच्या मध्य व दक्षिण भागांत पडतो. सँतियागो व मेंदोसा या शहरांजवळचा मध्य अँडीज उंच, कोरडा व जवळजवळ वृक्षहीन आहे. येथील स्की केंद्रे साधारणतः २,२०० ते ३,७०० मीटर उंचीवर आहेत. दक्षिणेकडील पातागोनिया भागात पर्वत कमी उंच असून उतारांवर लेंगा वृक्षांची जंगले आढळतात. तेथे हवा अधिक दमट असल्याने पायथ्याशी अनेकदा बर्फाऐवजी पाऊस पडतो.

हंगाम साधारणपणे जूनच्या मध्यास सुरू होतो. जुलै व ऑगस्ट हे भर हिवाळ्याचे महिने असतात. सप्टेंबरमध्ये दिवस मोठा होतो आणि दुपारी बर्फ मऊ पडतो. जुलैमध्ये चिली व अर्जेंटिनातील शाळांना हिवाळी सुट्टी असल्यामुळे गर्दी व दर दोन्ही वाढतात. चिलीत १८ सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाच्या सुमारासही असेच घडते. ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचा प्रारंभ हा बर्फ व खर्च यांचा मेळ घालणारा काळ मानला जातो.

महाराष्ट्रात हा पावसाळ्याचा काळ असतो. राज्यातील शाळांची मोठी सुट्टी जूनच्या मध्यापूर्वी संपत असल्याने शाळकरी मुलांसह प्रवास करणाऱ्या कुटुंबांना हा हंगाम गैरसोयीचा ठरतो. गणेशोत्सवही बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो.

इतिहास

अँडीजमधील स्कीइंगचा प्रारंभ चिली व अर्जेंटिना यांना जोडणाऱ्या ट्रान्सअँडाइन रेल्वेशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मार्गाच्या कामाच्या काळात हिवाळ्यात बर्फातून ये-जा करण्यासाठी नॉर्वेजियन लोकांनी स्कीचा वापर केला. हा लोहमार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला आणि त्यामुळे पोर्तियो परिसर स्कीपटूंच्या आवाक्यात आला.

अर्जेंटिनातील बारिलोचे येथे १९३१ मध्ये क्लब आंदिनो बारिलोचे ही गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. १९३० च्या दशकात ऑस्ट्रियन प्रशिक्षक हान्स न्योबल यांच्या मार्गदर्शनाखाली सेरो कातेद्राल येथील स्की केंद्राची आखणी झाली. चिलीत पोर्तियोचे पिवळ्या रंगाचे हॉटेल १९४९ मध्ये सुरू झाले. ऑगस्ट १९६६ मध्ये पोर्तियो येथे अल्पाइन स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. दक्षिण गोलार्धात भरलेली ही या प्रकारातील एकमेव जागतिक स्पर्धा आहे. तीत फ्रान्सच्या संघाने २४ पैकी १६ पदके जिंकली आणि झाँ-क्लोद किली यांनी डाउनहिल शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. अमेरिकेचे स्टीव्ह मॅकिनी यांनी १९७८ मध्ये पोर्तियो येथेच स्कीवर ताशी २०० किलोमीटरचा वेग प्रथमच ओलांडला.

पुढे अर्जेंटिनात लास लेन्यास (१९८३) व सेरो कास्तोर (१९९९) आणि चिलीत व्हाये नेव्हादो (१९८८) ही केंद्रे उभी राहिली.

प्रमुख केंद्रे

चिली

व्हाये नेव्हादो, ला पार्व्हा व एल कोलोरादो ही परस्परांना लागून असलेली केंद्रे सँतियागो शहरापासून सुमारे ५० किलोमीटरच्या परिसरात आहेत. व्हाये नेव्हादोचा तळ ३,०२५ मीटरवर, तर सर्वोच्च लिफ्ट ३,६७० मीटरवर आहे. शहरात मुक्काम करून दिवसभरासाठी येथे जाता येत असल्याने कमी खर्चाच्या प्रवासासाठी हा भाग सोयीचा आहे. घाटरस्ता तीव्र वळणांचा असून गर्दीच्या दिवशी सकाळी फक्त चढणीची व दुपारनंतर फक्त उतरणीची वाहतूक सोडली जाते. बर्फ असताना वाहनात चाकांना बांधायच्या साखळ्या ठेवणे बंधनकारक असते.

पोर्तियो हे सँतियागोपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अर्जेंटिनाच्या सीमेजवळ, लागुना देल इंका या सरोवराच्या काठी आहे. येथे गाव नाही. मुख्यतः एकच हॉटेल असून तेथील वास्तव्य आठवड्याच्या हिशेबाने विकले जाते. त्या दरात भोजन व लिफ्टचा पास समाविष्ट असतो. दक्षिणेकडे नेव्हादोस दे चियान हे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठीही प्रसिद्ध असलेले केंद्र ज्वालामुखीच्या उतारावर आहे. कोर्राल्को हे केंद्र लोंकिमाय ज्वालामुखीवर वसलेले आहे.

अर्जेंटिना

सेरो कातेद्राल हे दक्षिण अमेरिकेतील मोठ्या स्की केंद्रांपैकी एक असून बारिलोचे शहरापासून सुमारे १९ किलोमीटरवर आहे. नाहुएल हुआपी सरोवर व राष्ट्रीय उद्यानामुळे स्की न करणाऱ्या सहप्रवाशांनाही येथे पाहण्याजोगे पुष्कळ आहे. मेंदोसा प्रांतातील लास लेन्यास (तळ २,२४० मीटर, माथा ३,४३० मीटर) तीव्र उतारांसाठी ओळखले जाते. मात्र तेथील मार्ते ही महत्त्वाची लिफ्ट जोरदार वाऱ्यामुळे वारंवार बंद राहते. उशुआइया शहराजवळील सेरो कास्तोर समुद्रसपाटीपासून केवळ १९५ मीटरवर सुरू होते; परंतु अतिदक्षिणेस असल्याने तेथे बर्फ अधिक काळ टिकतो. कमी उंचीमुळे तेथे विरळ हवेचा त्रास संभवत नाही.

बोलिव्हिया

ला पासजवळील चाकालताया हे ५,००० मीटरहून अधिक उंचीवरील हिमनदीवरचे स्की केंद्र एकेकाळी जगातील सर्वांत उंच मानले जाई. १९३० च्या दशकात तेथे मोटारीच्या इंजिनावर चालणारी दोरखंडाची ओढयंत्रणा बसवण्यात आली होती. ही हिमनदी २००९ मध्ये पूर्णपणे नाहीशी झाली.

भारतातून विमानप्रवास

मार्ग

मुंबई ते सँतियागो हे सरळ हवाई अंतर सुमारे १६,००० किलोमीटर आहे. भारत व दक्षिण अमेरिका यांदरम्यान विनाथांबा विमानसेवा नाही. प्रचलित मार्ग पुढीलप्रमाणे आहेत :

• आफ्रिकेमार्गे : आदिस अबाबा येथे विमान बदलून साओ पाउलो व तेथून पुढे.
• आखातमार्गे : दोहा किंवा दुबई येथून ब्राझील व पुढे ब्युनोस आयर्स वा सँतियागो.
• युरोप व तुर्कस्तानमार्गे : माद्रिद, पॅरिस, लंडन, ॲम्स्टरडॅम किंवा इस्तंबूल येथून.
• उत्तर अमेरिकेमार्गे : हा मार्ग लांब असून भारतीय पारपत्रधारकास केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

थांब्यांसह हा प्रवास तीस तासांच्या आसपास किंवा त्याहून अधिक काळ चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये भारतीय प्रमाणवेळ चिलीपेक्षा साडेनऊ तास आणि अर्जेंटिनापेक्षा साडेआठ तास पुढे असते. या कारणाने पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीसाठी राखला जातो.

महाराष्ट्रातून प्रस्थान

राज्यातून निघणारे बहुतेक प्रवासी मुंबई विमानतळाचा वापर करतात. मराठवाड्याच्या दक्षिण भागासाठी हैदराबाद हाही पर्याय असतो. उदाहरणार्थ, धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर, नळदुर्गच्या पूर्वेस आहे. तेथून हैदराबाद रस्त्याने मुंबईपेक्षा जवळ पडते. मुंबईस जाण्यासाठी सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस किंवा वंदे भारत एक्सप्रेस उपलब्ध आहे. जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टी व दरडी कोसळल्यामुळे बोरघाटातील रेल्वे व रस्ते वाहतूक विस्कळीत होऊ शकते. उड्डाणाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोहोचल्यास एका रात्रीच्या निवासाचा खर्च वाढतो, पण संपूर्ण तिकीट बुडण्याचा धोका टळतो.

जोडउड्डाणे व तिकिटे

संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असल्यास पहिल्या विमानास उशीर होऊन पुढचे विमान चुकले तरी पर्यायी व्यवस्था करण्याची जबाबदारी विमानकंपनीवर राहते. स्वस्तात पडतात म्हणून स्वतंत्र तिकिटे घेतल्यास ही जबाबदारी प्रवाशावर येते. शिवाय मधल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते. त्यासाठी त्या देशात अधिकृत प्रवेश करावा लागत असल्याने साओ पाउलोसारख्या ठिकाणी ब्राझीलचा व्हिसा आवश्यक ठरतो. तिकिटात वाचलेले पैसे अशा वेळी एका फटक्यात जाऊ शकतात.

ब्युनोस आयर्समध्ये दोन विमानतळ आहेत. बहुतेक दूरची आंतरराष्ट्रीय विमाने शहराबाहेरील एसेइसा विमानतळावर उतरतात, तर बारिलोचे व उशुआइयाकडे जाणारी अनेक देशांतर्गत विमाने शहरातील आएरोपार्के विमानतळावरून सुटतात. दोहोंमधील अंतर शहराच्या वाहतुकीतून पार करावे लागत असल्याने दोन उड्डाणांत पुरेसे तास ठेवावे लागतात. देशांतर्गत उड्डाणांची सामानमर्यादा आंतरराष्ट्रीय उड्डाणांपेक्षा बहुधा कमी असते, हेही हिशेबात धरले जाते.

सँतियागोत उतरून ब्युनोस आयर्सहून परत येण्याचे तिकीट काढल्यास दोन्ही देश पाहता येतात. मात्र या दोन देशांमधील लोस लिबेर्तादोरेस हा मुख्य घाटमार्ग हिमवादळात कित्येक दिवस बंद राहू शकतो. परतीच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी बसने हा घाट ओलांडण्याचे नियोजन जोखमीचे असते.

व्हिसा, आरोग्य व सीमाशुल्क

चिली व अर्जेंटिना या दोन्ही देशांत प्रवेशासाठी सामान्य भारतीय पारपत्रधारकास व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना अर्जेंटिनाने काही सवलती दिल्या आहेत. चिलीचा दूतावास नवी दिल्लीत असून अर्जेंटिनाचा महावाणिज्य दूतावास मुंबईत आहे. युरोपातील काही देशांत केवळ विमान बदलण्यासाठीही विमानतळ-पारगमन व्हिसा मागितला जातो. हे नियम वारंवार बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी मार्गावरील प्रत्येक देशाचा नियम पाहणे आवश्यक असते.

पीतज्वर ही या प्रवासातील सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी बाब आहे. भारतात पीतज्वराचा प्रादुर्भाव नाही. परंतु तो पसरवणारे डास येथे आहेत. म्हणून रोगग्रस्त मानल्या गेलेल्या देशांतून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे लसीकरणाचे प्रमाणपत्र नसल्यास त्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ब्राझील, बोलिव्हिया, अर्जेंटिना व इथिओपिया यांचा भारताच्या यादीत समावेश आहे, चिलीचा नाही. अर्जेंटिनातील स्की केंद्रे थंड प्रदेशात असून तेथे हा रोग नसला, तरी भारताचा नियम देशास लागू होतो, केंद्रास नव्हे. विमान बदलताना विमानतळाच्या आवारातच राहिलेल्या प्रवाशांना नियमात सूट आहे. तथापि उड्डाण रद्द होऊन शहरात मुक्काम करावा लागल्यास ती लागू राहत नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते व पुढे आयुष्यभर चालते. लस केवळ शासनमान्य केंद्रांवर मिळते, त्यामुळे ती प्रस्थानाच्या बरीच आधी घेतली जाते.

चिलीचे कृषी तपासणी नियम कडक आहेत. फळे, भाज्या, बिया, मध, दुग्धजन्य व मांसजन्य पदार्थ यांची नोंद प्रवेशाच्या घोषणापत्रात करावी लागते. न केल्यास दंड होतो. घरून नेलेले लाडू, चटण्या, लोणची किंवा मेतकूट यांसारखे पदार्थ सामानात असल्यास ते घोषित करणे हिताचे असते. घोषित केलेला पदार्थ फार तर जप्त होतो. त्याबद्दल दंड होत नाही.

खर्चाचे स्वरूप

भारतातून जाणाऱ्या प्रवाशाच्या अंदाजपत्रकात विमानभाडे हा सहसा सर्वांत मोठा एकेरी खर्च असतो. मुक्कामाचे दिवस वाढले तरी हा खर्च वाढत नाही. म्हणून चार दिवसांच्या प्रवासापेक्षा दहा-बारा दिवसांच्या प्रवासात दरदिवशीचा खर्च कमी पडतो. उर्वरित खर्चाची विभागणी साधारणतः अशी केली जाते :

• प्रवासपूर्व खर्च : व्हिसा शुल्क, लस, विमा, भारतातील प्रवास.
• निवास : केंद्रातील हॉटेल सर्वांत महाग असते; पायथ्याच्या गावात वा शहरात राहिल्यास बचत होते, पण रोजच्या वाहतुकीचा खर्च वाढतो.
• लिफ्टचा पास : एक दिवसाच्या पासापेक्षा अनेक दिवसांचा, तसेच आगाऊ घेतलेला पास स्वस्त पडतो. भर हंगाम व मंद हंगाम यांचे दर वेगळे असतात.
• उपकरणे : स्की, बूट व हेल्मेट भाड्याने मिळतात. हातमोजे, गॉगल व थर्मल कपडे घरून नेणे किफायतशीर असते.
• प्रशिक्षण : नवशिक्यांसाठी सामूहिक वर्ग वैयक्तिक प्रशिक्षणापेक्षा बरेच स्वस्त असतात.
• राखीव निधी : वादळामुळे वाढलेला मुक्काम, बदललेले तिकीट इत्यादींसाठी.

नवशिक्यांनी इतका खर्च करण्यापूर्वी गुलमर्ग किंवा औली येथे प्राथमिक शिक्षण घेणे अधिक व्यवहार्य ठरते. गुलमर्ग येथील भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था हिवाळ्यात स्कीइंगचे अभ्यासक्रम चालवते.

चलन व कर

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत परकीय चलन परदेशी पाठवता वा खर्च करता येते. एका प्रवासात रोख नोटांच्या स्वरूपात साधारणतः ३,००० डॉलरपर्यंतच चलन नेता येते. उर्वरित रक्कम कार्डाद्वारे न्यावी लागते. परदेशी सहलीचे एकत्रित पॅकेज भारतातील कंपनीकडून घेतल्यास स्रोतावर कर गोळा केला जातो. ही रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. तरी प्रस्थानापूर्वी ती हाताशी असावी लागते.

चिलीत परदेशी पर्यटकाने नोंदणीकृत हॉटेलचे बिल परकीय चलनात भरल्यास १९ टक्के मूल्यवर्धित करातून सूट मिळते. अर्जेंटिनातही परदेशी कार्डाने निवासखर्च भरणाऱ्या पर्यटकांना २१ टक्के कराची सूट आहे. तीव्र चलनवाढीमुळे अर्जेंटिनातील पेसोमधील दर झपाट्याने बदलतात. चलननियंत्रणाच्या काळात तेथे अधिकृत दर व ‘डॉलर ब्लू’ म्हणून ओळखला जाणारा अनौपचारिक दर यांत मोठी तफावत होती. एप्रिल २०२५ मध्ये व्यक्तींवरील निर्बंध बहुतांशी उठल्यानंतर ही तफावत घटली. जुन्या प्रवासवर्णनांतील ‘अर्जेंटिना स्वस्त आहे’ हा निष्कर्ष त्यामुळे प्रत्येक वर्षी खरा ठरेलच असे नाही.

परदेशस्थ मराठी कुटुंबे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी हा प्रवास तुलनेने सोपा आहे. तेथील शाळांची उन्हाळी सुट्टी अँडीजच्या हंगामाशी जुळते. मायामी, अटलांटा यांसारख्या शहरांतून सँतियागोकडे रात्रीची विनाथांबा विमाने जातात. प्रवास उत्तर-दक्षिण असल्यामुळे वेळेतील फरक अल्प असतो आणि दुसऱ्याच दिवशी स्कीइंग सुरू करता येते. अमेरिकी पारपत्र असलेल्यांना चिली व अर्जेंटिनात अल्पकालीन पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. भारतातून सोबत जाणाऱ्या आईवडिलांना मात्र त्यांच्या पारपत्रानुसार स्वतंत्र नियम लागू होतात. ऑस्ट्रेलियातील कुटुंबांना सिडनीहून सँतियागोसाठी थेट विमानसेवा आहे.

धोके व सुरक्षितता

सँतियागो शहर सहाशे मीटरहूनही कमी उंचीवर असून तेथून दीड-दोन तासांत ३,००० मीटरवर पोहोचता येते. विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश संभवतो. पहिल्या दिवशी श्रम कमी ठेवणे, पुरेसे पाणी पिणे आणि त्रास वाढल्यास खाली उतरणे हे उपाय सांगितले जातात. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांमुळे त्वचा व डोळ्यांस इजा होऊ शकते.

वृक्षहीन उतारांवर ताज्या हिमवर्षावानंतर हिमस्खलनाचा धोका असतो. १९६५ मध्ये पोर्तियो येथे वादळ व हिमस्खलनाने स्पर्धेसाठी उभारलेल्या लिफ्टचे मोठे नुकसान केले होते. सर्वसाधारण प्रवासविम्यात स्कीइंग अनेकदा वगळलेले असते. विमापत्रात स्कीइंग, पर्वतीय बचावकार्य व उंचीची मर्यादा यांचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे पाहणे आवश्यक असते. आखलेल्या मार्गांबाहेरील स्कीइंग बहुतेक विमापत्रांत समाविष्ट नसते.

हवामान आणि हिमवर्षाव

मध्य चिलीतील हिमवर्षाव वर्षागणिक मोठ्या प्रमाणात बदलतो. प्रशांत महासागरात एल निन्यो स्थिती असताना तेथे सरासरीपेक्षा अधिक, तर ला निन्या असताना कमी हिमवर्षाव होण्याकडे कल असतो. हीच एल निन्यो स्थिती भारतातील नैर्ऋत्य मोसमी पाऊस कमजोर करण्याकडे झुकते. म्हणजे ज्या वर्षी सँतियागोजवळचे उतार बर्फाने भरण्याची शक्यता अधिक, त्या वर्षी धाराशिव, लातूर, बीड यांसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत पाऊस ओढ देण्याची शक्यताही अधिक असते. २०२३ च्या एल निन्यो वर्षात भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट महिना नोंदवला गेला. त्याच हिवाळ्यात मध्य व दक्षिण चिलीत अतिवृष्टी होऊन पूर आले. हा संबंध कलाचा आहे, नियमाचा नाही. प्रत्येक एल निन्यो वर्षात दोन्ही गोष्टी घडतातच असे नाही.

२०१० पासून मध्य चिलीत दीर्घकालीन अवर्षण सुरू झाले. त्यास ‘महाअवर्षण’ असे संबोधले जाते. वाढत्या तापमानामुळे पूर्वी बर्फ पडत असे त्या उंचीवर आता काही वेळा पाऊस पडतो. स्की केंद्रे कृत्रिम बर्फाचा आधार घेतात; परंतु त्यासाठी थंडी व पाणी दोन्ही लागतात. पर्यटनापेक्षाही हा प्रश्न पाण्याचा आहे. सँतियागो महानगराचा पाणीपुरवठा मुख्यत्वे मायपो नदीच्या खोऱ्यावर अवलंबून असून ही नदी अँडीजमधील बर्फ व हिमनद्यांच्या वितळण्यातून वाहते. प्रवाशाचा हंगाम वाया गेल्यास त्याचे तिकीट बुडते. खोऱ्यातील शेतकऱ्यास व नागरिकास मात्र तीच तूट पुढील उन्हाळाभर सोसावी लागते.

या अनिश्चिततेमुळे अनुभवी प्रवासी विमानाचे तिकीट आधी काढले, तरी निवास व पास रद्द करता येतील अशा अटींवर घेतात. तसेच एकाच केंद्रावर विसंबून न राहता ते मध्य व दक्षिण अँडीज अशा दोन भागांचा पर्याय खुला ठेवतात.

हे सुद्धा पहा

• अँडीज
• अकोन्काग्वा
• एल निन्यो
• औली
• गुलमर्ग
• पीतज्वर